अंगणातलं जेवण

मी तेव्हा गडचिरोलीच्या कोर्टात नवखा वकील होतो. एक म्हातारी दर तारखेला जंगलातल्या गावाहून भाताची शिदोरी घेऊन यायची. दारात आलेल्या बंदूकवाल्यांना जेवण दिलं म्हणून तिच्या मुलाला नक्षलवाद्यांच्या कटात गोवलं होतं; खटला माझ्याकडे होता. तिच्या गावात दारी आलेल्याला आधी वाढतात, नाव नंतर विचारतात.

त्या दिवशीही जज्जसाहेबांनी जामीन फेटाळला. कट गुपचूप होतो, म्हणून थेट पुरावा लागत नाही, म्हणे. अरे, पंगत अंगणात बसली होती, अख्ख्या गावासमोर.

व्हरांड्यात म्हातारीने शिदोरी सोडली आणि मुलाला घेऊन आलेल्या बंदूकधारी पोलिसाला आधी वाढलं. मग मला म्हणाली, "वकीलभाऊ, यालेबी जेऊ घातलं. आता मलेबी कटात धरतीन का?"

पोलिसाचा घास हातातच राहिला. जज्जसाहेब तोवर आत डबा उघडून बसले होते.