भावजी आणि रोह्याचं स्थळ

लेबल वाचल्याशिवाय माझ्या भावजींनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. माझ्या बहिणीला त्यांनी नुसता फोटो बघून होकार दिला, हे मला आजही खरं वाटत नाही. नव्वदच्या दशकात ते पेणला कीटकनाशक निरीक्षक होते. फवारणीच्या औषधांच्या कुठल्याही दुकानात शिरावं, साठा तपासावा, नमुना घ्यावा, शंका आली तर विक्री थांबवावी, असे अधिकार सरकारने त्यांना दिले होते. ते अधिकार ऑफिसात ठेवून घरी यावं, हे सांगायला मात्र सरकार विसरलं होतं. ताईने ओट्याखाली ठेवलेली झुरळांची पावडर त्यांनी मुदत संपली म्हणून जप्त केली. हमरापूरला गणपती ठरवायला गेलो, तर मूर्ती बघायच्या सोडून रंगाचे डबे वाचत बसले आणि शेवटी खिन्नपणे म्हणाले, "हे माझ्या अखत्यारीत येत नाही."

औषधांच्या रिकाम्या डब्यांवर त्यांचा विशेष राग. खाडीकडच्या गावांत लोक त्यांत पिण्याचं पाणी भरत, म्हणून भावजी पिशवीत टोच्या घेऊन फिरत आणि दिसेल त्या डब्याला भोक पाडत. एकदा मिठागरावरच्या एका बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "सायब, कायदा समजला. आता पानी कशान भरू?" दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारातून नवी कळशी घेऊन भावजी एसटीने तिच्या दारात हजर झाले.

भाचीला रोह्याचं स्थळ आलं. मुलगा येऊन तिला बघून गेला, पसंती झाली, आणि भावजी नि मी त्यांचं घर बघायला गेलो. मुलाच्या वडिलांचं खतांचं आणि औषधांचं दुकान घराच्याच पुढच्या भागात होतं. पोहे आले, बोलणी गोडीत चालली होती, अगदी मांडव कुठे घालायचा इथपर्यंत. तेवढ्यात भावजींची नजर दारातून दुकानाच्या फळीवर गेली. तिथल्या काही बाटल्यांची लेबलं तिरकी चिकटवलेली होती. मी त्यांचा गुडघा दाबून पाहिला. उपयोग झाला नाही.

"ही लेबलं कुणी चिकटवली?"

"मीच. पावसात भिजून सुटली होती," मुलाचे वडील म्हणाले. "माल चांगला हाय."

"असेलही. पण तपासल्याशिवाय मला विकू देता येणार नाही."

लाख, मेणबत्ती आणि शिक्का पिशवीत होतेच. पोहे गार होईपर्यंत नमुन्यांना सील लागलं, पंच म्हणून मुलाच्या काकांनी आणि मी सह्या केल्या, आणि ऐन फवारणीच्या हंगामात त्या मालाची विक्री बंद झाली. निघताना मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची मुलगी आमच्याकडं नको. उद्या तुम्ही आमटीचापन नमुना घ्याल."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. माल अस्सल निघाला. ताईने भावजींशी बोलणं टाकलं. भावजी मात्र शिपायाला न पाठवता स्वतः रोह्याला गेले, बंदी उठवली आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "यांचा माल चोख आहे. बिनधास्त घ्या." मोडलेली सोयरीक काही त्याने जुळली नाही.

पुढे भाचीचं लग्न पनवेलच्या मुलाशी झालं. भावजींनी रोह्यालाही पत्रिका पाठवली होती. ते दुकानदार आले, पोटभर जेवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस तऱ्हेवाईक, पन ह्यांच्यामुळं आमच्या भागात खोटा माल शिरत नाय."

भाची सासरी गेली. मांडवात खुर्च्या गोळा होत होत्या. भावजी माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "खरं सांग, रोह्याचा तो मुलगा तिला आवडला होता का रे?"

आवडला होता. तिने मला तसं सांगितलंही होतं.

"नाही हो, भावजी," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने कितीतरी वेळ पुसत राहिले.