अण्णांची गल्ली

आखातातला, अल वक्राचा तो फ्लॅट म्हटलं की मला आधी धूळ आठवते. मेट्रोचं खोदकाम चालू होतं, बाल्कनीतून स्टेडियमच्या क्रेन दिसायच्या, आणि सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा पुसावं लागायचं. वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, तरी जो तो त्याच्याच गप्पा मारायचा. मी त्या धुळीला रोज शिव्या घालायचे. आता पुण्यात चकचकीत घरात बसून तिचीच आठवण काढते. माणसाचं काही खरं नाही.

त्या हिवाळ्यात माझे सासरे नाशिकहून आमच्याकडे राहायला आले. त्यांची ती पहिली आणि शेवटची खेप. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तालुक्याच्या गावी जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. रिटायर झाले तरी हातातला खडू काही सुटला नव्हता. माझा नवरा रास लफानला गॅस प्लांटवर इंजिनिअर, त्याच्या शिफ्ट वेड्यावाकड्या, त्यामुळे बापलेकांची गाठ पडायची ती जेवणाच्या ताटावर. अण्णांचा सगळा जीव नातीत. ती नववीत, इंग्रजी शाळेत, वर्गात पहिली, छातीवर प्रिफेक्टचा बिल्ला. आजोबांचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. अण्णा म्हणायचे, "असू दे. मी मराठीत टपाल टाकतो, पोच इंग्रजीत येते. पोचतंय ना?"

संध्याकाळी दोघं समुद्रावर फिरायला जायची. येताना अण्णा कडक चहा पिऊन यायचे आणि चहावाल्याकडून उचललेले अरबी शब्द आमच्यावर फेकायचे. भाजी आवडली की "शुक्रन", संपली की "खलास". काय हसायचो आम्ही. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

लेकीला इतिहासात एक धडा होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हुकूमशाही कशी आली, त्याचा. तिने सगळी कारणं पॉइंट घालून पाठ केली होती, ती तिने आजोबांना घडाघडा म्हणून दाखवली. अण्णा "छान" म्हणाले आणि गप्प बसले. अण्णा गप्प बसले की समजावं, काहीतरी खुपलंय.

त्याच शुक्रवारी आम्ही एका मॉलमध्ये गेलो. दारावरच्या गार्डने आम्हाला आत सोडलं आणि मागून आलेल्या तीन-चार कामगार पोरांना हातानेच बाजूला केलं. कडक इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले, सुट्टी म्हणून नटून आलेली पोरं. शुक्रवारी फक्त फॅमिलीला आत जाता यायचं. अण्णा थबकले. "यांना का नाही?"

"नियम आहे अण्णा, चला," म्हणत मी त्यांचा हात धरून पुढे ओढलं.

"इट्स फॅमिली डे, आजोबा," लेक म्हणाली. "दे हॅव एशियन टाउन." कामगारांसाठी तिकडे वेगळा बाजार होता, थिएटर होतं, त्याबद्दल ती बोलत होती. मनात काही वाईट नव्हतं तिच्या, अगदी सहज बोलली. अण्णांनी त्या दिवशी आइस्क्रीमला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मटार सोलताना ते मला म्हणाले, "सूनबाई, तो धडा मी वेगळ्या पद्धतीने शिकवायचो. हुकूमशहाचं नावच घ्यायचं नाही. एकटा माणूस काय करणार आहे? एखाद्या घराचं दूध बंद करायचं तर दूधवाला लागतो."

मग त्यांनी पद्धत सांगितली. वर्गाची गल्ली करायची. कुणी दूधवाला, कुणी पोस्टमन, कुणी शेजारी. गल्लीतलं एक घर सरकारला नको झालेलं, त्या घरात ते स्वतः बसायचे. दर तासाला एक नवा नियम निघायचा, आणि मुलांनी आपापलं काम करायचं.

"पण दरवर्षी एक तरी पोर नियम मोडायचं," अण्णा म्हणाले. "एका वर्षी एका पोरीने सगळ्या वर्गासमोर दप्तरातून भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली होती. त्या एका पोरासाठी मी तो धडा शिकवायचो." मटारची शेंग त्यांच्या हातात तशीच होती. "आपली काय करते, तेवढं बघायचंय गं मला. बाकी आता काही नको."

पुढच्या शुक्रवारपासून आमच्या हॉलमध्ये गल्ली वसली. शुक्रवारी बिल्डिंगमधली आपली मंडळी जेवायला जमायची, कुणी मसालेभात आणायचं, कुणी भरली वांगी. जेवणं झाली की आम्ही मोठे गप्पांत, आणि अण्णा बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. ते झालं घर. एक मुलगा दूधवाला, एक पोस्टमन, एक मुलगी लायब्ररीवाली, आणि आमची लेक शेजारीण. पहिल्या शुक्रवारी नियम नव्हता. सगळी त्या घराशी नुसती गप्पा मारत होती, शेजारणीने तर सांडग्याची आमटीसुद्धा नेऊन दिली.

मग नियम सुरू झाले. या घराला पुस्तक द्यायचं नाही. पुढच्या शुक्रवारी, दूध घालायचं नाही. मग पत्र नाही. मग, त्यांच्याशी बोलायचं नाही. नियम वाचून झाला की अण्णा म्हणायचे, "यल्ला, लागा कामाला." हे नियम त्यांच्या मनचे नव्हते, असले नियम जर्मनीत खरोखर निघाले होते, हे त्यांनी मुलांना आधीच सांगितलं होतं. मुलं मन लावून कामं करायची. कुणी मोडलं नाही. एकदाही नाही.

मला राहवेना. एकदा मी लेकीला डोळ्यांनी खुणावलं, टेबलावरच्या आमटीच्या वाटीकडे आणि आजोबांकडे. अण्णांनी लगेच पकडलं. "सूनबाई, कॉपी पुरवायची नाही."

सगळी गेल्यावर ते म्हणाले, "इथली पोरं फार गुणी आहेत गं." असं म्हणाले की मला रागच आला. म्हटलं, "गुणी नसून करतील काय? आपण इथे व्हिसावर. कुणाशी वाद घालू नका, रांग मोडू नका, बाबांची नोकरी आहे, हे बाळकडूच आहे त्यांना. तुमच्या तालुक्यात राहून नियम मोडणं सोपं आहे." मी बोलून गेले खरी, पण मलाही मनातून तेच हवं होतं. एकदा, एकदाच, तिने मोडावा.

अण्णांच्या परतीच्या आधीचा शुक्रवार. त्यांनी खुर्ची बाल्कनीत नेली, बाहेर बसले आणि शेवटचा नियम वाचला. शेजारणीने दार लावायचं आणि पडदा ओढायचा.

लेक उठली. दाराला हात लावून थांबली. अण्णा तिच्याकडे बघत होते, आणि मीही जागची हलले नाही. तिने काचेचं दार सरकवलं, नीट लागलं का पाहिलं, पडदा ओढला, आणि वळून विचारलं, "डन?"

थोड्या वेळाने अण्णा स्वतःच दार उघडून आत आले. दूधवाल्याने विचारलं, "मग त्या घराचं काय झालं?"

"त्यांना न्यायला गाडी आली," अण्णा म्हणाले. "पडदे ओढलेले होते, त्यामुळे कुणी पाहिलं नाही."

मग लेकीचा चेहरा लालेलाल झाला. "दॅट्स नॉट फेअर, आजोबा. यू नेव्हर टोल्ड अस वी कुड से नो."

"नाही सांगितलं," अण्णा म्हणाले. "कुणीच सांगत नसतं, बाळा. त्या गल्लीतली माणसंही मागाहून हेच म्हणाली."

तिने जाऊन पडदा फर्रकन बाजूला केला. त्यांचा हात धरून ओढायला लागली, पुन्हा खुर्चीत बसा म्हणून. "अगेन, आजोबा. शेवटचं परत करू या. प्लीज."

"नाही गं," अण्णा म्हणाले. "त्या गल्लीतल्यांना कुठे परत करायला मिळालं?"

ती रडायला लागली. अण्णांनी तिला पोटाशी धरलं, त्यांचेही डोळे भरले होते. किती वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती "परत, परत" म्हणत होती, पण त्यांनी खेळ काही पुन्हा मांडला नाही.