मशीन उचलणार कोण?

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे काजताई म्हणत. शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिची जीभही त्या मशीनसारखीच, नेमकी जागा बघून भोक पाडते, असं सुपरवायझर म्हणायचा. अर्थात, ती आसपास नसताना.

मंदी आली तेव्हा आधी ओव्हरटाइम गेला, मग दुसरी पाळी गेली. शेजारचा कारखाना बघता बघता बंद पडला. तिथल्या कामगारांना कळलं ते गेटला कुलूप दिसल्यावरच. आतली मशीनं आधीच कुठल्या तरी दूरच्या गावी रवाना झाली होती. आता इथेही मालकाची माणसं मशीनांवर खडूने खुणा करत फिरू लागली.

जेवणाच्या सुट्टीत बायका एकत्र जमल्या. गेटवर ठाण मांडायचं, असं ठरलं.

"बसू की," काजताई म्हणाली. "पण मशीन उचलणार कोण? मालक तर नाही उचलणार. हमालांनी हात लावला नाही, तर ती काय पायाने चालत जाणार आहेत?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. हमालांचा मुकादम म्हणजे काजताईचा सख्खा धाकटा भाऊ. मागच्या संपात बायका गेटवर बसल्या होत्या, तेव्हा त्याचीच टोळी पाठीवर गठ्ठे घेऊन त्यांच्या मधून माल बाहेर काढत होती. संप मोडला आणि बहीणभावात अबोला पडला. आई आजारी होती तेव्हासुद्धा समोरासमोर यायला नको म्हणून दोघं दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी जात.

सुट्टीच्या दिवशी काजताई त्याच्या दारात उभी राहिली. भावजयीने दार उघडलं आणि चहाचं आधण ठेवलं. भाऊ पाठ शेकत पालथा पडला होता.

"वाट चुकलीस का, ताई?"

"तुझ्याकडेच आले." तिने सगळं सांगितलं.

ऐकून घेऊन तो म्हणाला, "मागच्या वेळी आली होतीस विचारायला? संप तुम्ही ठरवलात. आमचं हातावर पोट. तुम्ही बसल्यावर आम्ही काय खायचं, तुमच्यातल्या एकीने तरी विचारलं?"

ओठावर आलेलं उत्तर काजताईने गिळलं. "नाही विचारलं."

"आता आम्ही नाही म्हणू, ठेकेदार आम्हाला हाकलेल. मग तुम्ही आमच्यासाठी काम बंद ठेवाल? तू एकटी नव्हे, सगळ्या."

"विचारून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायका तिच्यावर तुटून पडल्या. "त्या फितुरांसाठी आम्ही आपल्याच पोटावर पाय द्यायचा?"

"माझ्याइतका राग तुमच्यात कोणालाच नसेल," काजताई म्हणाली. "पण कारखानाच उठला, तर हा राग घेऊन करू काय?"

हात वर गेले, पण कुरकुरतच. काही गेलेच नाहीत.

मशीनं न्यायला ट्रक आले ते भरदुपारी. मुकादम पहिल्या मशीनपाशी गेला, खांद्यावरचं पोतं जमिनीवर पसरलं आणि त्यावर बसला. त्याच्यामागे टोळी बसली. ते बघून ट्रकवाल्यांनीही इंजिनं बंद केली. ठेकेदाराने सगळ्या टोळीला तिथल्या तिथे काढून टाकलं. तेवढ्यात काजाचं मशीन थांबलं, पाठोपाठ कॉलरची, बाह्यांची. हात वर न केलेल्यांनीही पायडलवरून पाय काढले. छताच्या पंख्यांचा आवाज काजताईने तिथे प्रथमच ऐकला.

बरेच दिवस ताणल्यावर मालक बोलायला बसला. मशीनं इथेच राहतील. काम कमी आहे, तर सगळ्यांनी पाळीपाळीने यायचं, कामावरून कोणाला काढायचं नाही. टोळीलाही परत घेतलं, पण मुकादम सोडून. त्यावर मालक अडून बसला.

"मग सही नाही," काजताई म्हणाली.

"कर सही," भाऊ म्हणाला. "सगळे थकलेत. माझी पाठ तशीही गेलीच आहे."

तिने सही केली, आणि घरापर्यंत भर रस्त्याने रडत गेली.

त्याला पुढे कुठेच काम लागलं नाही. भावजयीच्या धुण्याभांड्यांवर घर चाललं. हमाल, ट्रकवाले आणि शिलाईवाल्या यांची जी एक समिती झाली, तिच्या बैठका मात्र त्याच्याच ओट्यावर भरत. माणसं कचाकचा भांडत. तो भिंतीला उशी लावून ऐकत बसे. कोणी तणतणत चपला शोधू लागलं की म्हणे, "बस रे. अजून काही ठरलेलं नाही."