भुवनेश्वरीनं अडवलेला चमचा

माझी लेक भुवनेश्वरी रविवारी माफी मागेल, ही भीती माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. ती भांडणार नाही, रडणार नाही. सरळ जाऊन वाकेल आणि घरी येऊन ड्यूटीचा ड्रेस इस्त्री करत बसेल. आणि मग त्या ड्रेसचंही काम उरणार नाही.

रविवारी तुळजापुरात शरणबसप्पांच्या घरी भावकी जमणार आहे. शरणबसप्पा तिचे होणारे सासरे, तिथं त्यांचा लॉज आहे. त्यांचे वडील धोंडप्पा आयसीयूतून वाचून घरी आले, म्हणून पूजा. पूजेनंतर भुवनेश्वरीनं सगळ्यांसमोर त्यांच्या मठाच्या स्वामींच्या पाया पडून 'माझं चुकलं' म्हणायचं आणि लग्नाआधी नोकरी सोडायची, असा निरोप आलाय. निरोप नीलम्मांचा, होणाऱ्या सासूबाईंचा. ज्या माणसाला हिनं रात्रंदिवस सांभाळलं, त्याच्याच पूजेत हिनं माफी मागायची. हे सुचायलासुद्धा एक दर्जा लागतो.

आम्ही अणदूरचे. हिला सोलापूरला नर्सिंगला घातलं तेव्हा आमच्याच भावकीनं नाकं मुरडली. "बीएडला घाला की. लोकांची घाण काढायला पोरगी शिकवता व्हय?" त्याच लोकांच्या घरात कुणाला धाप लागली की पहिला फोन आमच्याकडे येतो. "पोरीला सांगा, बेड मिळतो का बघ म्हणावं."

धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात ती आयसीयूत आहे. सुई टोचली की नर्सचं काम संपलं, असं या मंडळींना वाटतं. बेशुद्ध माणसाची कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. घशातल्या नळीत साचलेला कफ ओढून काढावा लागतो, आणि तो ओढताना माणसाचा जीव घाबरा होतो. हिचा हात त्या कामाला इतका हलका की डॉक्टर अवघड पेशंट हिच्याच वाट्याला देतात. आणि प्रत्येक गोष्ट ती आधी पेशंटला सांगते. "काका, आता डाव्या कुशीवर घेतेय हं." सोबतच्या मुली हसायच्या, "अगं, ऐकतोय कुठं तो?" ही म्हणायची, "नसेल ऐकत तर माझं काय गेलं?"

साखरपुडा झाला आणि थोड्याच दिवसांत धोंडप्पांना न्यूमोनिया झाला. नात्यातली पोर आहे म्हणून त्यांना तिथंच आणलं. तेव्हा मात्र तिची नोकरी कुणाला खुपली नाही. धोंडप्पांचं बोलणं सगळं कानडी. ही त्यांच्या कानाशी वाकून म्हणायची, "निधान अज्जा, निधान." सावकाश, आजोबा, सावकाश. सीटी स्कॅनसाठी गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या करडग्यासकट, म्हणजे डबीसकट, काढावं लागलं होतं. नीलम्मांनी चांदी पर्समध्ये टाकली. लिंग हिनं स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून म्हाताऱ्याच्या मुठीत ठेवलं आणि मुठीवर सैलसर पट्टी बांधली. रोज अंग पुसताना ती मूठ उघडायची, पुसायची, परत बांधायची.

श्वासाची नळी काढली त्या दिवशी मी भेटायला गेले होते. नीलम्मा स्वामींना घेऊन आल्या. पदराखाली तांब्या, तांब्यात स्वामींच्या पायाचं तीर्थ. आम्ही लिंगायत त्याला पादोदक म्हणतो. मीही रोज लिंगपूजा करते, पादोदक मलाही नवं नाही. पण बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि चमचा भरून थेट म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला. भुवनेश्वरीनं तो वरच्यावर धरला.

"काय गं, घरात यायच्या आधीच सासूचा हात धरतीस व्हय?"

"हात नाही धरला, आई. चमचा धरलाय. अज्जांना अजून गिळता येत नाही. हे पोटात जायचं नाही, छातीत जाईल."

"देवाचं पाणी कुठं जायचं ते त्याला कळतंय. तू शिकवू नको."

हिनं आवाज चढवला नाही. गॉजचा बोळा पादोदकात बुडवला, घट्ट पिळला आणि स्वामींच्या हातात दिला. "स्वामीजी, नुसतं ओठांना लावा. मी धरते त्यांना." स्वामींनी लावलं. मग विचारलं, "लिंग कुठाय यांचं?" हिनं पट्टी सोडून मूठ उघडली. स्वामींनी वाकून त्या लिंगाला हात जोडले. म्हणाले, "ओठाला लागलं, पोचलं. पोरी, तुझं बरोबर आहे."

स्वामींचा अपमान झाला म्हणे. स्वामी हसत जिना उतरले, ते मी पाहिलंय. अपमान झाला तो नीलम्मांच्या तोऱ्याचा. लिंग कुठं आहे हे होणाऱ्या नातसुनेला ठाऊक आणि घरच्या लेकासुनेला नाही, हे स्वामींसमोर उघडं पडलं. आता त्याची भरपाई म्हणून माझ्या मुलीनं नाक घासायचं.

नंदीश, म्हणजे नवरामुलगा, पुण्यात इंजिनिअर आहे. त्यानं हिला सांगितलं, "मम्मीचा स्वभावच तसाय. एकदा सॉरी म्हणून टाक, विषय संपेल." आजोबा आयसीयूत असताना हा एकदा आला, काचेतून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून गेला. आमचे हे, गौरीशंकर, तेही तसलेच. "एक वाक्य म्हणायला काय जातं?"

जातं. 'माझं चुकलं' असं ती एकदा म्हणाली, की त्या भावकीतल्या प्रत्येक बाईला कळणार की नर्स उगाच अडवते. उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडात चमचा जाईल, आणि तिथं भुवनेश्वरी नसेल. ती तर घरी लॉजच्या चादरी मोजत असेल.

हे सगळं तिला कळतं. तरी आज ड्यूटीवर निघताना म्हणाली, "अज्जा घरी जाताना विचारत होते, ती निधान निधान म्हणणारी पोर कोणती? माझा हात सोडेनात. त्यांच्यासाठी मागते गं माफी."

"आणि नोकरी?"

तिनं चप्पल घातली, डबा पिशवीत टाकला.

"हे लग्न तुला हवंय का?" मी विचारलं. बस चुकेल म्हणत ती निघाली. मघाशी मेसेज आला. 'नकोय, आई. पण अज्जा आठवले की माझ्या तोंडून नाही निघत नाही. तू सांग.'

एवढंच हवं होतं मला. सकाळपर्यंत थांबले तर हे मध्ये पडतील आणि नंदीश 'समजून घ्या' म्हणत बसेल. म्हणून फोन आत्ताच, आणि थेट नीलम्मांनाच. झोपल्या असतील तर उठतील. आधी धोंडप्पांची तब्येत विचारेन, तेवढं भुवनेश्वरीसाठी. मग सांगेन, की रविवारी आम्ही येत नाही, आणि त्यानंतरही नाही.