गायकवाड काकूंची खुर्ची

पाळणाघराच्या दारात पहिल्याच दिवशी गायकवाड काकूंनी मला ताटकळत ठेवलं. मी सईची सख्खी आई, हिंजवडीहून धापा टाकत आलेली, आणि या बाई माझ्या पाच वर्षांच्या मुलीला विचारत होत्या, "आई आलीय. जायचंय का?" सईने मान हलवली, मगच त्यांनी कडी काढली. न्यायला कोणीही येवो, काकू मुलाला विचारायच्याच. खडकीच्या कारखान्यात उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई वारज्यात आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची पोरं सांभाळायची. मला ते त्यांचं खूळ वाटायचं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापक होते, सगळ्यांचे आप्पा. मला उशीर झाला की तेच सईला घरी आणायचे. मीच तसं सांगून ठेवलं होतं. 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही' एवढं मुलीला पढवून मी निर्धास्त होते. आप्पा कुठे अनोळखी होते?

एका संध्याकाळी ऑफिसात काकूंचा फोन आला. "सई आप्पांबरोबर जायला नको म्हणतेय."

"अहो काकू, लाड करू नका तिचे. घरचेच आहेत ते. पाठवा."

"तुमच्या घरचे असतील. मी पाठवत नाही." आणि फोन ठेवला.

मी भांडायलाच गेले. सई काकूंच्या पदराआड उभी होती. तिने त्यांना जे सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. "पोरं काहीबाही बोलतात हो," मी म्हणाले. आई असून म्हणाले. आप्पांना मी माफ करणार नाहीच, पण त्या वाक्यासाठी स्वतःलाही नाही.

काकू म्हणाल्या, "तिने तिचं काम केलं. आता तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ चौकीत?"

आम्ही दोघी गेलो. सोसायटी हळहळली ती आप्पांसाठी. एवढा देवभोळा माणूस! शिवाय मुलीचंच नाव खराब होईल म्हणे. "का? तिने काय केलंय?" काकूंनी विचारलं.

आप्पा जामिनावर सुटले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात मुलाकडे राहायला गेले. काकूंनी घडीची खुर्ची काखेत मारली, दोन बस बदलल्या आणि मुलाच्या इमारतीच्या फाटकासमोर मेथी निवडत बसल्या. मग दर रविवारी. कोणी चौकशी केली की सांगायच्या, "इथल्या आप्पांवर खटला चालू आहे. लहान मुलीचा. तुमची मुलं कोणाकडे जातात, बघा." हळूहळू आप्पा खाली उतरेनासे झाले. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

"काकू, हा सूड झाला," मी एकदा म्हणाले.

"मग काय आरती ओवाळू?"

निकालाआधीच काकू गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आप्पांच्या मुलाचा फोन आला. "आता तरी हे खटल्याचं थांबवा. त्या बाईही राहिल्या नाहीत."

रविवारी मी काकूंच्या घरून खुर्ची आणली. सई आता दहा वर्षांची आहे. दारात थांबून तिला विचारलं, "जाऊ का?"

ती आत गेली आणि मेथीची जुडी घेऊन आली.