पंखवालं पोर आणि काकूंचं ताट

युरोपची जुनी चित्रं अभ्यासायची तर रोम गाठावं, ॲम्स्टरडॅम गाठावं. मीही गाठलं. तिथल्या संग्रहालयांचे पहारेकरी मला इतके ओळखायला लागले, की एकदा दोघं चाव्याच माझ्या हाती देऊन चहाला गेले. पण माझ्या पीएच.डी.चं घोडं अडलं ते आमच्या वाशीम जिल्ह्यात, कारंज्याला, एका जैन कापडदुकानदाराच्या माजघरात.

तिथल्या कपाटाच्या दारावर पंख असलेलं एक गुबगुबीत पोर रंगवलेलं होतं. मूळ पोर युरोपातल्या छापील चित्रातलं, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून इकडं आलेलं. आपल्या चिताऱ्याला ते नागडं बघवेना. त्यानं त्याला धोतर नेसवलं, वर पगडी चढवली. युरोपची चित्रं जगभर फिरता फिरता कशी बदलली, हाच तर माझा विषय! या पोराचा फोटो सकाळपर्यंत परदेशातल्या गाइडबाईंकडे गेला नाही, तर प्रबंधातलं अख्खं प्रकरण कापलं जाणार होतं.

फ्लॅश मारला की वार्निश चमकून पोर गायब. दारावर ऊन यायचं ते फक्त मावळतीआधी, थोडा वेळ. मी कॅमेरा लावला, तोच घरच्या काकू ताट घेऊन हजर.

"बाबू, आधी जेव."

"काकू, उजेड चालला!"

"म्हनूनच तं सांगून राह्यली! दिवस बुडाल्यावर आमच्याकडं कोनी जेवत नाही. तुले उपाशी धाडू काय?"

"फोटो काढतो अन् मंग..."

"थे पोट्टं काय उडून चाल्लं? इतक्या वर्सात नाही उडालं!"

शेवटी ताट कपाटापुढंच मांडलं. उजव्या हातानं घास, डाव्या हातानं फोटो. पुऱ्या अशा टम्म फुगलेल्या, की ताटावर हात ठेवला नसता तर पोराच्या आधी त्याच उडाल्या असत्या.

ऊन गेलं. एकाच फोटोत पोर लख्ख आलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात माझं ताट. तसाच पाठवला. गाइडबाईंचं उत्तर आलं: प्रकरण राहील, पण खालची थाळी कोणत्या शतकातली?

आता तो फोटो माझ्या पुस्तकात आहे. लिस्बनपासून टोकियोपर्यंत मी तो पडद्यावर दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात. पुस्तक घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ निरखला.

"पोट्टं झ्याक आलं," त्या म्हणाल्या. "पन ताटात हे श्रीखंड टाकलं काहून तुनं?"