पिठातलं बुखारा

हितेशभाईने सुमनजिजीला फसवलं. पैशात नाही. ठरलेली मजुरी त्याने सुरतेत उतरल्या उतरल्या तिच्या हातावर ठेवली. त्याने फसवलं ते शब्दात, आणि तो शब्द मी स्वतः घासाघीस करून त्याच्याकडून घेतला होता. म्हणून माझं डोकं अजून थंड होत नाही.

सुमनजिजी सुरतेच्या उधना भागात खानावळ चालवायची. मूळची नंदुरबारकडची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, तो गेल्यावर तिने चाळीतल्या दोन खोल्यांत लूमवरच्या एकट्या पोरांसाठी डबे सुरू केले. आमच्याकडे मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात, पण ती वयाने मोठ्या माणसांचीही जिजी होती. नव्या जागी गेली की आधी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, जरा घोळवायची आणि निकाल द्यायची, "ह्या पाणीमा दाळ लवकर शिजाव नही." मग दाळ आधीच भिजत घालायची.

माझी तिची ओळख भांडणातूनच झाली. मी तेव्हा कटपीसचं गाठोडं खांद्यावर घेऊन दारोदार फिरायची. दुपारी तिच्याकडे गेले आणि ताटाचा भाव कमी कर म्हणून हुज्जत घालू लागले. तिने वर न बघता ताट माझ्यापुढे सरकवलं. "पहिले खाई ले, मंग भांड." खाल्लं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. खाऊन झाल्यावर भांडायला काही शिल्लकच राहिलं नाही. आज माझं स्वतःचं दुकान आहे, मोठमोठे व्यापारी माझ्याशी बोलताना जपून बोलतात. पण त्या ताटापुढे मी हरले ते हरलेच.

सुरतेची माणसं परदेशात जातानाही आपला रसोइया बरोबर नेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ताश्कंद, समरकंद, बुखारा अशी हितेशभाईची टूर होती, मी पैसे भरून जागा घेतली होती. निघायच्या तोंडावर त्याच्या स्वयंपाकी महाराजाने हात वर केले. हितेशभाई माझ्या दुकानात आला. "बेन, तुमच्या त्या जिजी येतील का? तीस माणसांचं रांधायचं, दुसरं काही नाही." मी त्याला घेऊन खानावळीत गेले. जिजी लसूण सोलत बसली होती. त्याने आकडा सांगितला, मी तो वाढवला, तो रडला, मी आणखी वाढवला. जिजी मध्येच म्हणाली, "कसं गाव शे ते?"

हितेशभाई बोलायला गोड. त्याने रंगवून सांगितलं, की चहूकडे वाळवंट, मधोमध बुखारा, उंटांचे तांडे महिनोन्‌महिने चालत यायचे आणि तिथे उतरायचे.

"वाळूमा गाव, मंग पाणी कथाईन येस?" जिजीने विचारलं. "आणि इतले लोक उतरेत, त्यासले खाऊ कोण घाले?"

हितेशभाईला दोन्हींची उत्तरं माहीत नव्हती. जिजीने लसणाची पाटी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "पैसा ही लता म्हणस तो राहू दे. माले गाव दाखाडशी का?"

तिने मागितलं ते एवढंच. मी तिथल्या तिथे सौदा पक्का केला. बुखाऱ्यात जिजीला एक अख्खा दिवस सुट्टी. त्या दिवशी सगळ्यांनी हॉटेलात मिळेल ते खायचं. जिजी गाडीत आमच्याबरोबर बसणार आणि आम्ही बघू ते सगळं बघणार. जेवणाऱ्या पोरांसमोर मी त्याच्याकडून हे वदवून घेतलं. पोरं हसली. एकजण म्हणाला, "जिजी, त्या दिवशी आमचा डबा?" जिजी म्हणाली, "त्या दिवशी तू तुन्ही माय आठव."

ताश्कंद आणि समरकंद तिने स्वयंपाकघरातच काढलं. त्याबद्दल तक्रार नव्हती, ठरलंच तसं होतं. बुखाऱ्याला जाताना आगगाडीत मात्र मी तिला खिडकीपाशी बसवलं. आधी शेतं लागली, बोंडं फुटलेली. तिने माझा दंड धरला. "कापूस शे व बाई. आपलाच कापूस." पुढे हिरवं संपलं. फिकट जमीन, मधेच मिठासारखे पांढरे चट्टे, झाड नाही, घर नाही. बऱ्याच वेळाने अचानक पुन्हा झाडं लागली, विटांची घरं दिसली, तेव्हा ती देवळात पोचल्यासारखी पदर सावरून बसली.

पहिल्या दिवशी हितेशभाई म्हणाला, "आज प्रवासाने सगळे थकलेत, खिचडी-कढी होऊन जाऊ दे. सुट्टी उद्या." ठीक. जिजीने दाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टूरच्या बसमध्ये चढले आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. खाली उतरले. हितेशभाई दारात उभा राहून माणसं मोजत होता.

"जिजी कुठंय?"

"बेन, असं झालं, सगळ्यांची मागणी आहे. इथल्या सगळ्याला मटणाचा वास येतो म्हणतात. दुपारी दाळ-ढोकळी ठेवलीय."

"आणि सुट्टी?"

"रसोई करनार फरवा जाय तो जमाडे कोण?"

स्वयंपाकीण फिरायला गेली तर वाढणार कोण, असं त्याने मलाच विचारलं. मी आवाज चढवला. गाडीतल्या एकेकाला म्हटलं, एक दुपार रोटी खा, टरबूज खा, इथलं टरबूज साखरेसारखं आहे. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. एक वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "लताबेन, आपण पैसे भरलेत ना." मी म्हटलं, मग मीही भरलेत, आणि गाडी सोडून स्वयंपाकघरात गेले.

हॉटेलच्या मागे, अंगणाच्या टोकाला ते स्वयंपाकघर होतं. तिथे भांडी घासायला गुलनोरा नावाची बाई होती. जिजी तिच्याशी अहिराणीत बोलायची, ती जिजीशी तिच्या भाषेत, आणि दोघींचं कुठे अडत नव्हतं. मी गेले तेव्हा ओट्यावर सगळीकडे गव्हाचं पीठ पसरलेलं, आणि गुलनोरा त्यात बोटाने रेघा ओढत होती.

"ये, लता, पाय. हाई नदी." जिजीने एका जाड रेघेवर बोट ठेवलं. "तठून पाट काढेल शे. पाटना पाणी ह्या हौदमा. पहिले गल्ली गल्लीमा हौद व्हतात, आते थोडाच राहिनात. काठवर तुतीना झाडं. हाऊ बाजार, वर घुमट. आणि हाऊ मिनार, तांडासले लांबथून दिसे असा." तिने एक लाटणं उभं धरून दाखवलं. गुलनोरा मान डोलावत होती.

मी म्हटलं, "जिजी, पुरे पीठ. साडी बदल. तू आणि गुलनोरा टॅक्सीने जा, दाळ-ढोकळी मी करते."

"तू?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच हसू आलं. पण ती उठली. लग्नाबारशाला नेसायची ती हिरवी साडी नेसली, ऊन असूनही परदेशासाठी मुद्दाम घेतलेला स्वेटर घातला, केसांना पाणी लावून भांग नीट केला. गुलनोराने टॅक्सी बोलावली. जिजीने एक पाय टॅक्सीत टाकला होता. तेवढ्यात आमची गाडी फाटकातून आत शिरली.

दुपार व्हायची होती. एवढ्यात कसे परत, म्हणून मी पुढे झाले. हितेशभाई उतरून म्हणाला, "ऊन फार आहे. सगळे म्हणाले, जुन्या विटाच आहेत, बघून झालं. आता भूक लागलीय." मागून माणसं उतरली, कपाळ पुसत, हातात थैल्या. त्या वहिनींनी विचारलं, "जिजी, झालं का हो?"

मी तोंड उघडायच्या आत जिजीने पाय मागे घेतला होता. स्वेटर काढून माझ्या हातात दिला. मी तिला अडवलं. म्हटलं, "जा तू. मरू दे उपाशी." ती म्हणाली, "गाव काय पळी जास का? इतला वरीस उभं शे, अजून राही." आणि आत जाऊन तिने ओट्यावरचं पीठ गोळा केलं, चाळलं आणि त्याचीच ढोकळी लाटली. त्या दिवशी मी जेवले नाही. ती मात्र ताट घेऊन माझ्या खोलीपर्यंत आली होती. तिची दुपार भांड्यांत आणि रात्रीच्या स्वयंपाकात गेली, संध्याकाळी सामान बांधलं, दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती.

परत आल्यावर मी हितेशभाईशी बोलणं टाकलं. जिजीने टाकलं नाही. टूरनंतर तोही डबा घ्यायला यायचा, ती त्याला भाजी जास्त वाढायची. मला राग यायचा. ती म्हणायची, "तुन्हं डोकं तवा शे, व बाई. तापी राहिनं तर भाकरी तरी शेक." पण एका गोष्टीत ती कुणाच्या भिडेला पडली नाही. पोरांनी विचारलं, "जिजी, बुखारा बघितलं का?" तर ती सरळ सांगायची, "नही रे. बुखाराले गयतू, पण पाहेल नही. माले गुलनोरानी सांगं तितलंच ठाऊक." मग हवं तर ओट्यावर पीठ पसरून नदी, पाट, हौद सगळं काढून दाखवायची. आपण न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं तिला कधी जमलंच नाही. सुरतेत अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत, आणि मी माणसं पारखूनच पोट भरलंय.

मागच्या उन्हाळ्यात जिजी गेली. चार दिवसांचा ताप, बस. खानावळीच्या बाहेर लूमवरची पोरं रांगेने उभी होती.

आणि आता दिवाळीच्या टूरची जाहिरात सगळ्यांच्या फोनवर फिरतेय. 'बुखाऱ्यात घरचं जेवण.' फोटोत सुमनजिजी, हातात झारा, हसतेय, आणि तिच्या पाठीमागे तो मोठा मिनार. हा झारा आणि हे हसू समरकंदच्या स्वयंपाकघरातलं आहे, मी तिथेच उभी होते. मिनार मागून चिकटवलाय. मी हितेशभाईच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, "बेन, एमां शुं? फोटो तर सरस आव्यो छे. जिजींची आठवण राहील."

जी बाई मरेपर्यंत 'मी पाहिलं नाही' म्हणत राहिली, तिला यांनी मेल्यावर खोटं बोलायला लावलं. फोटो कमरेशी कापलेला आहे. हितेशभाईने माझ्यासमोर, त्या खानावळीत, त्याच पोरांसमोर उभं राहून उत्तर द्यावं. त्या मिनाराखाली सुमनजिजीचे पाय कधी टेकले होते?